दस्ता शिसवी, नळी न्यू हेवनची

लिव्हरची रायफल दुकानात आली की तिच्यासोबत एक वाघ येतोच. सतरंजीची गाठ सुटायच्या आधी मालक गोष्ट सुरू करतो. आज्यानं मेळघाटात मचाणावरून मारला, एकाच गोळीत मारला, आणि पडता पडता त्यानं दस्त्यावर पंजा टाकला म्हणून दस्ता असा फुटला. मी गोष्ट ऐकतो, चहा सांगतो, आणि तोवर हातानं रायफल चाचपत असतो. गोष्ट खोटीच असते असं नाही. पण वऱ्हाडात जेवढ्या रायफलींचे दस्ते वाघानं फोडले तेवढे वाघ मेळघाटात होते का, अशी शंका मला अधूनमधून येते.

मी आयटीआयचा टर्नर. अकोल्यातल्या एका परवानाधारक शस्त्रदुरुस्तीच्या दुकानात लेथवर बसायला म्हणून लागलो आणि तिथल्या उस्तादांनी मला बंदुकीत ओढलं. रोजचं काम साधं असतं. बँकेच्या रखवालदारांच्या एकनळ्या, शेतराखणीच्या परवान्यावरच्या दुनळ्या, इशापूरच्या तीनशे पंधरा, क्वचित एखादी ठासणीची. स्प्रिंग बदला, पिन करून द्या, दस्त्याची चीर सांधा. लिव्हरच्या रायफली मोजक्याच, आणि त्याही दुरुस्तीला येत नाहीत. आजोबा वारले, परवाना वारसाच्या नावानं करायचाय, वाडा विकायचाय, भावाभावांत वाटणी चाललीय, आणि घरातल्या कुणीतरी मोबाइलवर पाहिलंय की अमेरिकेत विंचेस्टरला लाखांनी पैसे येतात. ‘मिस्त्री, हे ओरिजिनल हाय का, तेवढं पायजा,’ एवढंच मागणं. तेवढं पाहायला माझा अर्धा दिवस जातो.

त्यातली पहिली दहा मिनिटं ओरिजिनलबिरिजिनल काही नाही. रायफल रिकामी आहे का, एवढंच. दुनळी मोडली की दोन्ही नळ्यांतून उजेड दिसतो, मामला संपला. लिव्हरच्या बहुतेक रायफलींत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागं एक झोपलेली असतात, आणि वरून काहीच दिसत नाही. लिव्हर खाली ओढला, वर घेतला, काही बाहेर पडलं नाही, म्हणून रिकामी समजायची नाही. आतली स्प्रिंग जुनी होऊन मेलेली असते किंवा तेलाचा चिकटा झालेला असतो, आणि मागं अडकलेलं काडतूस तुम्ही रायफल उभी-आडवी करता करता पुढं सरकतं. अकोट तालुक्यातल्या एका घरातून आलेल्या तीस-तीसच्या नळीतून मी असंच एक काडतूस काढलं होतं. पितळ हिरवं पडलेलं, बुडावर डब्ल्यूआरए कंपनीचा शिक्का. घरातली मंडळी म्हणत होती की १९७२ चा वन्यजीव कायदा आला तेव्हापासून रायफलीला कुणी हात लावला नाही. म्हणजे दर दसऱ्याला लहान पोरांच्या हातात देऊन फोटो काढले ते याच्यासकट.

या रायफली इथं आल्या कशा, हे लोक विचारत नाहीत. मला मात्र त्याचं नवल वाटत आलंय. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडातल्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. त्याच लढाईत बेंजामिन टायलर हेन्री या कारागिरानं केलेली पितळी अंगाची लिव्हर रायफल पहिल्यांदा गाजली, आणि लढाई संपल्यावर १८६६ साली ऑलिव्हर विंचेस्टरनं कंपनीला आपलं नाव दिलं. गाव न्यू हेवन, राज्य कनेक्टिकट. इकडं १८६७ साली मुंबईची रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. रुळांवरून गाठी गेल्या आणि येताना कंदील, घड्याळं, शिवणयंत्रं आली. पुढं कधीतरी रायफलीही. घेणारे होते इंग्रज अंमलदार, जिनिंग-प्रेसवाले शेठ, सरकीच्या पैशावर वाडे बांधलेले देशमुख-पाटील. उत्तरेला नरनाळ्याचा डोंगर, त्यापलीकडं मेळघाट, दक्षिणेला पातूरचा घाट. शेतात रोही आणि डुकरं. रायफल हौसेची होती आणि कामाचीही.

माझ्यासमोर येतात त्यांत मॉडेल १८९४ सगळ्यांत जास्त, आणि त्यांत घोळही सर्वांत जास्त. शेपटीवर, म्हणजे घोड्यामागच्या पट्टीवर, इंग्रजीत मॉडेल १८९४ आणि पेटंटची तारीख २१ ऑगस्ट १८९४ कोरलेली असते. ती वाचून घरचे लोक ठरवून टाकतात की रायफल सव्वाशे वर्षांची. आराखड्याचं साल वेगळं, रायफल बनल्याचं साल वेगळं. जॉन ब्राउनिंगनं केलेला हा आराखडा इतका चालला की १९२७ साली दहा लाखावी रायफल राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट दिली गेली आणि न्यू हेवनचा कारखाना २००६ साली बंद झाला तेव्हा आकडा सत्तर लाखांच्या वर होता. खरा क्रमांक बॉडीच्या खाली, पुढच्या बाजूला असतो; त्यावरून साल निघतं. पहिल्या महायुद्धानंतर थोड्याच वर्षांत त्याच मॉडेलवर १८९४ ऐवजी नुसतं ९४ येऊ लागलं, तेवढ्यावरूनही अंदाज येतो. जुन्या क्रमांकांच्या कारखान्यातल्या वह्या अजून शाबूत आहेत, अमेरिकेत वायोमिंगमधल्या कोडी गावच्या शस्त्रसंग्रहालयात. १८९४ मॉडेलच्या पहिल्या साडेतीन लाखांच्या आसपास रायफलींचं नळी गोल की अष्टकोनी, बोअर कोणतं, कोणत्या दिवशी गोदामात आली, असं टिपण तिथं मिळतं. आपल्याकडं आपल्या आज्याचा जन्म कोणत्या साली झाला ते सापडत नाही.

हा सालाचा घोळ नुसता घरापुरता राहत नाही. परवान्याच्या जुन्या वहीत क्रमांकाच्या रकान्यात ‘१८९४’ लिहिलेलं मी पाहिलंय. कुणा कारकुनानं रायफल हातात घेतली, जो ठळक आकडा दिसला तो उतरवला. पुढं प्रत्येक नूतनीकरणात तोच आकडा, नवी वही झाली तरी तोच, आणि ऑनलाइन नोंदी होऊन यूआयएन नंबर पडले तेव्हाही संगणकात तोच शिरला. आता वारस उभा राहतो आणि रायफलीवरचा क्रमांक कागदाशी जुळत नाही. म्हणून मी रायफल आणि वही एकत्रच पाहतो. वहीत नळीची लांबी लिहिली असेल तर ती सोन्याहून मोलाची. त्यावरून नळी कापली ती परवाना व्हायच्या आधी की नंतर, ते कळतं.

नळी कापणं हा वऱ्हाडातला सगळ्यांत सर्रास बदल. १८९४ ची साधी रायफल सव्वीस इंची नळीची. मचाणावर ती अडते, दमणीत बसून न्यायची तर चाकात जाते. मग कापायची. आता मोठ्या शहरातले काही व्यापारी अशी कापलेली रायफल कार्बाइन म्हणून विकतात, कारण कारखान्याची खरी वीस इंची कार्बाइन जास्त किमतीला जाते. फरक ओळखायला भिंग लागत नाही. कार्बाइनला नळी आणि खालची मॅगझिनची नळी दोन्हींना मिळून कवेत घेणारे दोन पट्टे असतात. रायफलीला पट्टे नसतात. पुढच्या लाकडाच्या टोकाला पोलादी टोपी असते. कार्बाइनच्या बॉडीवर डाव्या बाजूला बहुतेक वेळा खोगिराला अडकवायची कडी असते. तोंडापाशी नळीची जाडीही वेगळी. नेम धरायची माशी पाहावी: कारखान्याची असेल तर बूड स्वच्छ बसलेलं, इथं बसवलेली असेल तर कडेला पितळेचा पिवळा टाका डोकावतो. शेवटी नळीचं तोंड. कारखान्यात ते लेथवर गोल फिरवलेलं असतं. करवतीनं कापून कानशीनं सारखं केलेलं तोंड बोटाच्या पेरानं चाचपलं की एका बाजूला किंचित उतरलेलं लागतं. टर्नर असल्याचा एवढा फायदा होतो.

एकदा अशाच एका कापलेल्या रायफलीला कडीसुद्धा लावून आणली होती. कडीचं भोक इतकं ताजं की आतले आटे चमकत होते. व्यापाऱ्याचा माणूस सोबत आला होता, पाटलांच्या घरच्या पोराला बाजूला घेऊन कानात काहीबाही सांगत होता. मी पोराला म्हटलं, ‘आज्यानं नळी कापली, ती कामासाठी. ही कडी मागच्या महिन्यातली हाय. ती आज्याच्या नावावर खपवू नको.’ व्यापाऱ्याच्या माणसानं नंतर दुकानमालकाकडं माझी तक्रार केली. मालकानं मला बोलावून चहा पाजला.

आटे हा शब्द आला म्हणून सांगतो. उस्ताद रायफल हातात घेतली की आधी पेच बघायचे. ‘पहले पेच देख, बेटा, बाकी बाद में.’ विंचेस्टरचे आटे इथं मिळणाऱ्या कुठल्याच टॅपशी जुळत नाहीत. कंपनीचं मापच स्वतःचं. त्यामुळं हरवलेला पेच बाजारातून आणून बसत नाही. एक तर लेथवर नव्यानं काढावा लागतो, नाहीतर भोकालाच नवे आटे पाडून जाड पेच ठोकतात. मूळ पेचाची खाच बारीक, सरळ, तिच्यात जाड स्क्रूड्रायव्हर शिरत नाही. शिरवलेला असेल तर खाचेचे ओठ बाहेर वळलेले दिसतात. डाव्या बाजूचे पेच फुललेले आणि उजव्या बाजूचे कोरे असले तर कुणीतरी उत्साहानं उघडायला बसला आणि पुढं काय ते न कळून परत लावून मोकळा झाला, असं समजावं. उस्तादांनी स्वतः काढलेला पेच मात्र मलाही चटकन ओळखू येत नाही. एकच खूण: ते खाच नेहमी नळीच्या रेषेत आणून थांबवायचे.

रंगाचं प्रकरण जास्त नाजूक. १९३० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत विंचेस्टरच्या नळ्या गंज चढवून, उकळून, ब्रशनं घासून, पुन्हा गंज चढवून निळ्या केल्या जात. दिवसेंदिवस चालणारं काम. बॉडीला वेगळी प्रक्रिया, भट्टीतल्या उष्णतेची. म्हणून जुन्या रायफलीत नळीचा निळा आणि बॉडीचा निळा सारखा नसतो, नसावाही. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे बनलेल्या कित्येक १८९४ च्या बॉडीवरची निळाई तर पापुद्रे सुटल्यासारखी उडते आणि खालून करडं-तपकिरी पोलाद उघडं पडतं, तर नळी शेजारी तशीच गर्द निळी. पोलादाच्या जातीचा तो गुण. मालकाला वाटतं ही बॉडी खराब निघाली, बदलली असणार. ती बदललेली नाही. बॉडी आणि नळी एकसारखी काळीकुळकुळीत चमकत असती तर मात्र मी घाबरलो असतो. तशी चमक कॉस्टिकच्या टाकीतून येते, आणि टाकीत घालण्याआधी बफिंगच्या चाकावर रायफल धरावी लागते. चाक काय काय खातं ते पाहायचं असेल तर अक्षरं पाहावीत. कारखान्याचा ठसा उठवताना अक्षराच्या कडेला धातूची बारीक कड उभी राहते. बफ मारला की ती जाते आणि अक्षर उथळ, धुरकट होतं. बॉडीच्या कडा गोल होतात. पेचाच्या भोकाभोवती बशीसारखा खळगा पडतो. एखादा बुडवलेला पेच काढून नवा करता येतो, पण गेलेली कड परत आणता येत नाही. आज्याची आठवण म्हणून प्रेमानं बफ मारून आणलेल्या रायफली मी जेवढ्या पाहिल्या तेवढं नुकसान चोरांनी केलेलं नाही पाहिलं.

वऱ्हाडात आणखी एक गंज असतो जो अमेरिकेतल्या पुस्तकांत सापडणार नाही. बॉडीच्या उजव्या बाजूला, बरोबर मधोमध, अंगठ्याएवढा खडबडीत डाग. शेजारी बारके टिपके. बाकी बॉडी ठीक आणि तेवढीच जागा खाल्लेली. हा दसऱ्याचा. शस्त्रपूजेला ओलं कुंकू, हळद, अक्षता, वर झेंडूचं ओलं फूल; संध्याकाळी सोनं वाटायला घरचे बाहेर पडतात आणि रायफल आठ दिवसांनी पुन्हा सतरंजीत जाते. असं पन्नास-साठ दसरे. एका घरच्या आजीबाईंना मी म्हटलं, ‘आजी, पूजा करा, पण खाली तेलाचा हात द्या आणि रात्री पुसून टाका.’ त्या म्हणाल्या, ‘कुकू पुसू कसं रे बाप्पा?’ तेव्हापासून मी सल्ला थोडा बदललाय. कुंकू दस्त्याला लावा, म्हणतो.

दस्त्याबद्दल आमच्याकडच्या हवेचं वेगळं गणित आहे. परदेशी पुस्तकात सरसकट लिहितात की लाकूड आणि धातू यांच्यात फट दिसली, लाकूड धातूपेक्षा खाली बसलेलं दिसलं, तर दस्ता बदललाय किंवा घासलाय. हा नियम अकोल्यात डोळे झाकून लावता येत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीस-सेहेचाळीसला, टिनाखालच्या माडीवर त्याहून वर, आणि जून-जुलैत त्याच माडीच्या भिंतीला ओल. अमेरिकन काळा अक्रोड शंभर उन्हाळे असे सुकला-फुगला की आकसणारच. शेपटीच्या पट्टीमागं केसाएवढी उभी चीर पडणारच. म्हणून फट पाहिली की मी आधी विचारतो, रायफल कुठं टांगलेली होती. मूळ लाकूड आकसतं तेव्हा फट सगळीकडून जवळपास सारखी असते. घासलेल्यात ती जिथं हात पोचतो तिथंच जास्त.

आणि मनगट. दस्ता जिथं बारीक होतो ती जागा, तिथंच तुटतो. रायफल पडली की तिथंच तुटणार, वाघ असो वा नसो. तांबटाकडून पितळी पत्रा आणून मनगटाला गुंडाळून बारीक खिळ्यांनी ठोकलेले दस्ते इथं बरेच. कारागिरी अशी की बंबावरचे सांधे आठवावेत. बाहेरचे संग्राहक ते पाहून नाक मुरडतात. मला ती डागडुजी बघायला आवडते, आणि मी ती कधीही काढायला सांगत नाही.

पोलीस ठाण्यातल्या मालखान्याच्या खुणा शेवटच्या. निवडणूक लागली की आचारसंहितेत शस्त्रं जमा होतात. दस्त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं आकडा, चापाच्या कडीला तार, लाखेचा डाग. एखाद्या दस्त्यावर आकड्यावर आकडा बसलेला असतो, झेडपीचा, विधानसभेचा, लोकसभेचा. थिनरनं पुसू नका, एवढंच सांगतो. पेंटसोबत खालचा मूळ तेलाचा थरही जातो.

गेल्या काही वर्षांत पाहिलेल्यांत मनात राहिलेली रायफल म्हणजे बाळापूरकडच्या एका घरातली मॉडेल १८९५, फोर-ओ-फाइव्ह. ही लिव्हरची असून वेगळी जात. काडतुसं नळीत नाहीत, बॉडीच्या पोटाखाली पेटी. नळीतल्या काडतुसांत पुढच्याच्या बुडावर मागच्याचं टोक टेकलेलं असतं, म्हणून तिथं टोकदार गोळी चालत नाही. पेटीत चालते, आणि दांडगं काडतूस बसतं. फोर-ओ-फाइव्ह १९०४ साली आलं. थिओडोर रूझवेल्टनं १९०९ च्या आफ्रिकेच्या शिकारीत ते नेऊन गाजवलं, आणि आपल्याकडं बंगलोरचा केनेथ अँडरसन नरभक्षकांमागं हीच रायफल घेऊन हिंडला. हिंदुस्थानात तिचं चाललं त्याला आणखी एक कारण होतं. सरकारला सैन्याच्या बोअरची धास्ती. बंडखोरांच्या हाती पडलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलींना गोळ्या मिळतील म्हणून १९०७ च्या सुमारास चारशे पन्नास बोअरच्या आयातीवर बंदी आली, थ्री-नॉट-थ्री तर सैन्याचंच. फोर-ओ-फाइव्ह यातल्या कुणाच्या वाटेत येत नव्हतं.

रायफल घेऊन काका आणि पुतण्या आले होते. पुतण्या पुण्याला नोकरीला, त्यानं फोनवर सगळं वाचून आणलेलं. ‘काका, मागची साइट ओरिजिनल नाही, बरोबर ना? वेबसाइटवर वेगळी दाखवतात.’ बरोबर होतं. तिथं तीन घडीची पानं होती, शंभर, दोनशे, तीनशे यार्डांची, इंग्रजी रायफलींच्या धाटणीची. पण पानांचं बूड मी भिंगाखाली धरलं तर कानशीचा ओरखडा नाही, बुडाची निळाई आणि नळीची निळाई एकाच वयाची, आकडे कोरीव, ठोकलेले नाहीत. नळीवर कलकत्त्याच्या एका बड्या दुकानाचं नाव आणि बुडापाशी इंग्लंडच्या प्रूफ हाउसचे शिक्के. मँटन, लायन अँड लायन, रॉडा ही कलकत्त्याची नामांकित दुकानं त्या काळी सगळ्या हिंदुस्थानात माल पाठवायची. (रॉडाची माउझर पिस्तुलं क्रांतिकारकांनी १९१४ साली भर दिवसा पळवली होती, ते दुकान हेच.) म्हणजे न्यू हेवनहून विलायत, तिथून कलकत्ता, कुठंतरी वाटेत गिऱ्हाइकाच्या आवडीची पानं बसवली, आणि मग वऱ्हाड. कारखान्याच्या दृष्टीनं बदल. पण यांच्या आज्यानं रायफल विकत घेतली तेव्हा ती अशीच होती. मी माझ्या टिपणात या दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहितो. ज्याला कारखान्याची रायफल हवी त्यानं तसं वाचावं.

मग दस्ता. पुढचं लाकूड अक्रोडाचं, तपकिरी, बारीक छिद्रांचं. मागचा दस्ता जड, जांभळट काळा, तेलानं मुरलेला. शिसव. मेळघाटातलंच असावं. काका लगेच सरसावले, ‘तेच तं सांगतो मिस्त्री, वाघानं फोडला म्हनून आज्यानं नवा करून घेतला.’ मी बुडाची पोलादी पट्टी उघडली. पट्टी मूळची, जुन्या दस्त्यावरून काढून नव्याला बसवलेली, कडेला शिसव किंचित बाहेर. आत पटाशीचे तिरके वार, यंत्राचं काम नाही. आणि पट्टीखाली झाकलेल्या लाकडावर सुताराच्या पेन्सिलीनं लिहिलं होतं: १३॥. मापाशेजारी दोन उभ्या दंडांचा जुना अर्धा. पुतण्याला ते कळेना, काकांना कळलं. साडेतेरा. मी चापापासून बुडापर्यंत पट्टी लावली. साडेतेरा इंच बरोबर भरलं. विंचेस्टरचा मूळ दस्ता यापेक्षा आखूड असतो.

‘आजोबा उंच होते का?’ मी विचारलं.

‘सव्वासहा फूट जी! दारातून वाकून येत.’

म्हणजे दस्ता मोडला असेल किंवा नसेल, पण नवा केला तो माणसाच्या हाताच्या मापानं केला. सुतार कोण ते कळायचा मार्ग नाही. दंडांचा अर्धा लिहिणारा, म्हणजे नवे पैसे येऊन दशांश रुळायच्या आधी शिकलेला, एवढं म्हणता येतं. नळी मी गज घालून मोजली, चोवीस इंच, कारखान्याची. पेच दोन सोडून सगळे मूळ. त्या दोन पेचांच्या खाचा नळीच्या रेषेत. ते पाहून मी काही बोललो नाही, कारण उस्तादांची ती खूण दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नव्हता.

पुतण्या मात्र हिशेबात होता. ‘अमेरिकेहून जुना ओरिजिनल दस्ता मागवला तर? आणि ती मागची साइट? मग पूर्ण ओरिजिनल होईल ना?’ मी म्हटलं, आयातीचे कागद वेगळे, खर्च वेगळा, आणि ते सगळं करून जी रायफल तयार होईल ती कुठल्याच कारखान्यातून तशी निघाली नव्हती. तिच्यावरचा दस्ता कुठल्यातरी दुसऱ्या रायफलीचा, मागची साइट तिसरीची. ‘पण किंमत?’ किंमत शिसवी दस्त्याला कमी येईल, हे मी स्पष्ट सांगितलं. गोड बोलून उपयोग नसतो. काका इतका वेळ दस्त्याच्या मापावर बोट ठेवून बसले होते, ते म्हणाले, ‘इकायची हाय कोनाले? वारस लावाले आलो न आपन.’

विकण्याचा प्रश्न त्यांच्या घरात शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं उभा केला होता. तोवर एका परवान्यावर तीन शस्त्रं ठेवता येत, ती दोनवर आली, आणि जास्तीचं वर्षभरात जमा करायचं ठरलं. त्या वर्षी आमच्या दुकानात वाटण्या झाल्या म्हणा ना. बारा बोअरला काडतूस मिळतं, तीनशे पंधराला मिळतं. फोर-ओ-फाइव्हला अकोल्यात कुठून मिळणार? मग लिव्हरची आधी बाहेर. जुनी आहे म्हणून परवान्यातून सुटका नाही. शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात पुराणवस्तूला मोकळीक आहे, पण ती दुरुस्त करूनही चालू शकणार नाही अशी असेल तरच. या घरानं तेव्हा दुनळी सोडून दिली आणि रायफल ठेवली होती. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वेड्यात काढलं असणार. काही घरं याच कायद्याच्या धास्तीनं नळीत वेल्डिंगचा गोळा घालून रायफल ‘शोभेची’ करून टाका म्हणून आमच्याकडं येतात. ते काम मी घेत नाही. जे घेतात त्यांना नळीतलं पीळ असलेलं पोलाद आणि गेटचा पाइप सारखाच.

मी टिपण लिहायला घेतलं: मॉडेल १८९५, बोअर .४०५, नळी मूळ, मागची पानं विक्रीपूर्वीची, दस्ता स्थानिक शिसवी, लांबी १३॥ इंच, बॉडीच्या उजव्या बाजूला गंजाचा डाग. मग परवान्याची वही मागितली. क्रमांकाच्या रकान्यात, अर्थातच, १८९५.

‘हे आधी,’ मी वही त्यांच्यापुढं धरली. ‘नंबर दुरुस्तीचा अर्ज, सोबत माझं टिपण, आणि खालच्या बाजूचा खरा क्रमांक दिसेल असा फोटो. ते झाल्याशिवाय वारसाचा अर्ज देऊ नका, परत येईल.’

पुतण्यानं फोन काढून बॉडीच्या खालचा फोटो घेतला, आकडा अंधूक आला म्हणून खडू घासून पुन्हा घेतला. काका सतरंजी गुंडाळता गुंडाळता म्हणाले, ‘चाल लवकर, जेवनाच्या सुट्टीआधी बाबूले गाठलं पायजे. नाई तं उद्या पुन्हा बाळापूरवून या लागन.’